सोलापूरहून कोरडी निघालेली गाडी

पुण्यात काय गॅरेजं मेली आहेत का, असं मी बाबांना सरळच विचारलं. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर दोन आहेत, आणि दोन्हीकडे एसी लावलेली बसायची खोलीसुद्धा आहे. पण बाबांचं एकच पालुपद. इंजिन उघडायचं तर ते इस्माईलनं. आता हे इस्माईलभाई सोलापुरात. म्हणजे आजारी गाडी अडीचशे किलोमीटर चालवत न्यायची, तिथे तिचं इंजिन उघडून घ्यायचं आणि त्याच रस्त्याने परत आणायची. पेशंटनं ऑपरेशनसाठी स्वतः धावत दुसऱ्या जिल्ह्यात जावं, तसा हा प्रकार होता.

या ब्लॉगवर तुम्ही माझ्या सहली वाचता. हुरड्याचे दिवस आहेत, तुमच्यापैकी काहीजण सोलापूरचा बेत करत असतील, म्हणून रस्त्याबद्दल, खाण्याबद्दल जे सांगायचं ते सांगतेच. पण ही सहल नव्हती. आधीच बजावते, म्हणजे नंतर मला नावं ठेवू नका.

गाडीचं दुखणं असं होतं की ती पाणी प्यायची. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. गॅरेजवाले त्याला पॅकिंग म्हणतात. ते जळलं की पाणी जाऊ नये तिथे जायला लागतं. बाबांची ही पांढरी गाडी त्यांच्या निवृत्तीच्या आधीची. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर जिल्ह्यात कालव्यांवर गेली. त्या सगळ्या वर्षांत आधी सरकारी जीप आणि मग ही गाडी, दोन्हींना इस्माईलभाईंशिवाय कोणी हात लावला नाही. आई गेली तेव्हा सोलापूरहून पहिला पोचलेला माणूस तेच होते. बाबांच्या शेजारी नुसते बसून राहिले होते. त्यामुळे मी फार ताणून धरलं नाही.

पहाटेच निघालो. पाण्याचे दोन कॅन डिकीत. एक गोष्ट लक्षात ठेवा. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. भिगवणला थांबलो, गाडी निवेपर्यंत थालीपीठ खाल्लं, दूर उजनीच्या पाण्यावर पक्षी दिसत होते ते बघितले आणि मग पाणी घातलं. रस्ता चौपदरी आहे, गुळगुळीत आहे, टोलचे पैसे मात्र हाताशी ठेवा, नाके पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंना ऊस, आणि इंदापूर मागे पडलं की मधे मधे ज्वारी दिसायला लागते. बाबा रस्ताभर खुशीत होते. प्रत्येक कालवा दिसला की तो कोणत्या साली कुणी चुकीचा खोदला ते सांगत होते.

खरी गोष्ट टेंभुर्णीत चहाला थांबलो तेव्हा कळली. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, की एवढ्या लांब कशासाठी. बाबांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, इस्माईलला साखरेनं धरलंय. बोटांना आधी मुंग्या यायच्या, आता बोटांच्या टोकांना काही कळतच नाही. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक होटगी रस्त्यावर निखळलं, नट सैल राहिले होते. गाडीचा वेग कमी होता म्हणून कुणाला लागलं नाही. तेव्हापासून त्यांचा मुलगा सलीम मागे लागलाय की गॅरेज बंद करा. घरात रोज भांडणं. शेवटी बापलेकांचं ठरलं, की आणखी एक इंजिन इस्माईलभाईंनी एकट्यानं बांधायचं. ते कोरडं राहिलं तर सलीमनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. तेल गळलं तर गॅरेज त्या दिवसापासून बंद.

"आणि ते इंजिन आपलं?" मी विचारलं.

"परक्याची गाडी गळली असती तर गावभर झालं असतं," बाबा म्हणाले. "आपली गळली तर निदान घरातलं घरात राहील."

मला राग आला. पण बशीतला चहा पिताना त्यांचा चेहरा असा होता, की मी पैसे देऊन उठले.

सोलापुरात दुपारी पोचलो. स्टेशनजवळ लॉज मिळतात, हजाराच्या आतबाहेर, चादरी मात्र हमखास चांगल्या असतात, त्याबद्दल हे शहर तडजोड करत नाही. इस्माईलभाईंचं गॅरेज विजापूर वेशीकडच्या एका बोळात आहे. एक शटर, आत एक खड्डा आणि बाहेर लिंबाचं झाड. इस्माईलभाईंना मी बऱ्याच वर्षांनी बघत होते. हडकलेत खूप. पण गाडीचा आवाज ऐकून बाहेर आले आणि बॉनेटवर थाप मारली तेव्हा एकदम पूर्वीचेच वाटले.

"काय साहेब, घेऊन आला की म्हातारीला," ते म्हणाले आणि मला बघून, "ताई लई बारीक झाली. पुण्यात खायला घालत न्हाईत का?"

बारीक मी मुळीच झालेली नाही. तरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन उघडलं. हे मी पहिल्यांदा बघत होते आणि बघत राहावं असंच होतं. इस्माईलभाई एक एक भाग उतरवून जुन्या चादरीवर मांडत होते, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने, आणि बाबा स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. हेडचं पॅकिंग जळलेलं निघालं. आता उघडलंच आहे तर वरच्या झाकणाचं आणि खालच्या चेंबरचंही नवीन टाकू, असं ठरलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं भांडं, ज्यात सगळं तेल साठतं. त्याला चारी बाजूंनी बारीक बोल्ट असतात आणि ते सगळे सारखे आवळावे लागतात. किती आवळायचे ते मोजणारा एक पाना मिळतो. तो तिथे होताही, भिंतीवर खिळ्याला टांगलेला, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं तर इस्माईलभाई हसले. हाताला कळतंय की, म्हणाले. आणि बाबांनी मान डोलावली.

सलीम मला त्या संध्याकाळी भेटला. चाळिशीकडे झुकलेला, शांत माणूस, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. मला कडक भाकरी घ्यायच्या होत्या. (तुम्हीही घ्या. पापडासारख्या वाळवलेल्या असतात, प्रवासात महिनाभर टिकतात, आणि सोबत शेंगांची चटणी घ्या, ती कुटलेली, तेल सुटलेली घ्या, कोरडी भुरभुरीत नको.) दुकान दाखवायला तो सोबत आला. परत येताना बोळाच्या तोंडाशी थांबला.

"तो पाना मीच आणून दिलाय ताई," तो म्हणाला. "अब्बांनी पिशवीतनं काढला बी न्हाई. हाताला कळतंय म्हणतात. काय कळतंय हाताला? परवा गरम तव्याला बोट टेकलं, चरचर वास आला तवा त्यांना कळलं. अम्मी रडत बसली."

त्याने पिशवी माझ्या हातात दिली.

"गळलं तर तुमी सांगा मला. साहेब सांगणार न्हाईत. त्यांची मुर्वत मला म्हाईत हाय. पण हितं मुर्वतीचं काम न्हाई. उद्या कुणाचा तरी जीव जाईल आन अब्बा त्याच्यानंतर जगणार न्हाईत."

मी हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग होता. फार मोठा नाही, पुरीएवढा. इस्माईलभाई तो बघून सरळ खड्ड्यात उतरले, पुसलं, बोटाने पॅकिंगच्या कडेला काळी पेस्ट लावली आणि नेहमीचाच पाना घेऊन एक एक बोल्ट पुन्हा आवळला. पाना दोनदा निसटला. एकदा त्यांच्या मनगटाला लागून रक्त आलं, ते त्यांना कळलं नाही, बाबांनी सांगितलं तेव्हा कळलं. मग पेस्ट वाळेपर्यंत थांबायचं होतं. त्या वेळात आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन आलो. देऊळ पाण्याच्या मधोमध आहे आणि सकाळच्या उन्हात सुरेख दिसतं, जाल तेव्हा अवश्य बघा. मी काय बघितलं ते मला विचारू नका.

दुपारनंतर चाचणीसाठी अक्कलकोट रस्त्याने निघालो. इस्माईलभाई पुढे, बाबा चालवत, मी मागे. रस्त्याला ज्वारीची कणसं भरली होती. वळसंगच्या अलीकडे एका हॉटेलाशी थांबलो. हॉटेलवाला आणि त्याची बायको आपसात कानडीत बोलत होते आणि आमच्याशी मराठीत. इथे हुरडा मिळाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला, हातावर चोळून दिलेला, वर चटणी. बाबांनी खाल्लाच नाही. नमाजाची वेळ झाली होती, पलीकडे लहानशी मशीद होती. इस्माईलभाई म्हणाले, मी येईपर्यंत गाडी उभी राहू दे, आल्यावर खाली बघू. आणि ते रस्ता ओलांडून गेले.

ते मशिदीच्या दारात चपला काढताना दिसले आणि बाबा उठले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्याची तक्रार असलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. ते मातीत उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. मी धावत गेले. त्यांचे नुसते पाय बाहेर दिसत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा हातरुमाल काळा झाला होता. त्यांनी तो ज्वारीच्या धांड्यात लांब फेकून दिला, खाली मातीवर पडलेले थेंब बुटाने माती ओढून झाकले, शर्ट झटकला आणि येऊन खुर्चीवर बसले. मला म्हणाले, चहा सांग.

इस्माईलभाई परत आले. वाकून बॅटरी मारली, बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं.

"कोरडी हाय साहेब," ते म्हणाले. "बघा तुमी."

बाबांनी वाकून बघितलं. "कोरडी आहे," म्हणाले.

गॅरेजवर सलीम वाट बघत होता. त्यानेही बॅटरी मारून बघितलं. वाटेत पुन्हा ओल धरली असणार, पण ती त्या पेस्टच्या काळपटपणात दिसली नाही किंवा दिसून त्याला खात्री पटली नाही, कोण जाणे. उठला आणि त्याने आधी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, कोरडी आहे. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. सलीमला त्यात काय समजायचं ते समजलं असेल. "बरं," एवढंच तो म्हणाला आणि मोटरसायकल काढून गेला. त्या संध्याकाळी इस्माईलभाईंनी आम्हाला घरी जेवायला नेलं, मटण होतं, माझ्यासाठी वेगळी, दाण्याच्या कुटाची शेंगाभाजी होती. ते इतकं बोलले, इतक्या जुन्या गोष्टी काढल्या, की त्यांची बायको दारात उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघत होती. सलीम जेवायला आला नाही.

लॉजवर परतल्यावर मी बाबांना धारेवर धरलं. ते सगळं ऐकून घेत होते, बूट काढत.

"त्याला गाडीखाली जाऊ दिलं नाही तर तो घरात बसून वर्षभरात संपेल," ते म्हणाले. "मी पाहिलेत असे लोक. आमच्याच खात्यात पाहिलेत."

"आणि पुढच्या गाडीचं चाक निघालं तर?"

"पुढचं पुढे."

मी म्हटलं, मी सलीमला शब्द दिलाय, मी सांगते. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. गाडी माझी आहे, सांगायचं तर मी सांगेन. कधी? पुण्याला पोचल्यावर. त्याला एवढे दोन दिवस तरी मिळू दे. माझे वडील माझ्याशी असं विनवून कधी बोललेले मला आठवत नाही. मी दिवा घालवला.

सकाळी निघताना इस्माईलभाईंनी स्वतः काच पुसली. बॉनेटवर पुन्हा थाप मारली. गाडी बोळातून बाहेर पडेपर्यंत ते हात वर करून उभे होते.

मोहोळला मी गाडी थांबवायला लावली आणि इंजिनातली मापाची पट्टी काढून तेल बघितलं. खालच्या खुणेच्याही खाली होतं. रात्रीतून आणि एवढ्याशा अंतरात. पंपावरून तेलाचा डबा घेऊन ओतला. मी म्हटलं, बाबा, सोलापूर अजून जवळच आहे, मागे फिरू. इस्माईलभाईंनाच दाखवू, हवं तर सलीमला न कळवता. ते म्हणाले, मागे फिरलो की कळलंच ना. सावकाश नेतो, पुण्यात दाखवू. तुम्ही वाचताय आणि म्हणत असाल, तू काय करत होतीस. मी शेजारी बसून काट्याकडे बघत होते.

मोडनिंब मागे पडलं आणि तेलाचा लाल दिवा लागला. आधी लुकलुकला, मग लागलाच. बाबांनी गाडी बाजूला घ्यायला हवी होती. त्यांनी घेतली नाही. पुढे टेंभुर्णीत घेतो, तिथे मेकॅनिक आहेत, असं काहीतरी म्हणाले. आतून ठकठक आवाज यायला लागला. मी ओरडले. मग एक मोठा आवाज झाला आणि गाडी धक्का खाऊन ओढल्यासारखी थांबली. मागची काच तेलाच्या बारीक फवाऱ्याने पूर्ण धुरकट झाली होती. रस्त्यावर आमच्या मागे एक काळी रेघ होती, नजर पोचेल तिथपर्यंत.

ट्रॅक्टर घेऊन चाललेला एकजण थांबला. त्याने खाली वाकून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. इंजिन बसलं म्हणाला. मग फोन करून त्याने ओळखीची क्रेन बोलावली. क्रेनवाला आला तो सरळ म्हणाला, साहेब, सोलापूर जवळ हाय, तिकडं नेऊ, पुण्याला न्यायचं तर लई पैसे पडतील. ट्रॅक्टरवालाही तेच म्हणाला. बाबा म्हणाले, पुणे. क्रेनवाल्याला वाटलं, यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. बाबा पुन्हा म्हणाले, पुणे.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मला नाव दिसलं. बाबा गाडीपासून थोडे लांब गेले, पण मला ऐकू येत होतं. पलीकडून काय विचारलं असेल ते सांगायला नको. गाडी क्रेनला लटकत होती, पुढची दोन चाकं अधांतरी, आणि खालून अजून तेल ठिबकत होतं.

"कोरडी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "काय हात आहे रे तुझा, इस्माईल."

पुण्यात त्या फाटकाजवळच्याच गॅरेजात गाडी उतरवली. त्या मेकॅनिकने चेंबर बघितलं आणि एका बाजूचे बोल्ट नुसत्या चिमटीने फिरवून काढून दाखवले. दुसऱ्या बाजूचा एक इतका आवळलेला होता, की मुळाशीच तुटला होता. कुणी केलंय हे काम, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, मीच केलं, घरी. मेकॅनिक पोरगेला होता, हसायला लागला. बाबाही हसले. नवीन इंजिन घालण्यात अर्थ नव्हता. गाडी भंगारात गेली. नेली त्या दिवशी बाबा खाली उतरले नाहीत.

मी शब्द मोडला होता, तो मला टोचत होता. मी रोज विचारायचे, सांगितलंत का? आज सांगतो, बाबा म्हणायचे. इस्माईलभाईंचा फोन दर शुक्रवारी दुपारी यायचा. कशी आहे म्हातारी? मस्त आहे. पाणी पिते का? थेंब नाही. बाबा त्या नसलेल्या गाडीच्या गोष्टी रचून सांगायला लागले. काल तिला सिंहगडाला नेली. चढाला हू की चू नाही. मी स्वयंपाकघरात असायचे आणि मला ते ऐकवत नसे. एकदा म्हटलं, बाबा, सिंहगडाला कशाला नेलीत हो, तिला पार्किंग मिळालं का? त्यांनी पेपर उघडला. पण खरं सांगू, फोनवरचा तो पलीकडचा आवाज मलाही आवडायला लागला होता. भरलेला वाटायचा.

मग एका शुक्रवारी फोन आला तेव्हा बाबांच्या हातात चहा होता, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. इस्माईलभाई घाईघाईत बोलत होते. एका शाळेची गाडी आलीय. पोरं ने-आण करणारी. ब्रेकचं सगळं काम करायचंय, पार नव्यानं.

"शाळेवाले म्हनत व्हते, चाचा, तुमचं वय झालं," ते म्हणाले. "मी म्हटलं, पुण्याच्या साहेबांना विचारा. इंजिन बांधून दिलं, गेले कोरडे पुण्यापातूर. तुमचा नंबर दिलाय त्यांना. फोन आला तर सांगा दोन शब्द."

बाबांनी कप खाली ठेवला. मी दारात येऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते. पलीकडून इस्माईलभाई दोनदा हॅलो म्हणाले.

"इस्माईल," बाबा म्हणाले, "गळत होतं."

"काय?"

"तेल. अक्कलकोट रस्त्यालाच गळत होतं. तू नमाजाला गेलास तेव्हा मी खाली जाऊन पुसलं."

पलीकडे गॅरेजातला आवाज येत होता, कुठेतरी रिक्षा जात होती. मग इस्माईलभाईंनी विचारलं, "किती गळलं?"

"सगळं," बाबा म्हणाले. "इंजिन बसलं. गाडी गेली. ती आता नाही."

मला वाटलं, फोन ठेवला त्यांनी.

"ताई व्हती संगं," ते म्हणाले. "तिला काय झालं न्हाई न्हवं?"

"नाही. दोघंही ठीक."

"कुटं बंद पडली?"

"मोडनिंबच्या पुढे."

"मोडनिंब तर हितंच हाय की," इस्माईलभाई म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "मला बोलवायचं न्हवतं का, साहेब? मी आलो असतो."

बाबांनी टेबलावरून फोन उचलून हातात घेतला. पलीकडून फोन बंद झाला.

शाळेची गाडी त्यांनी त्याच दिवशी परत पाठवली. सलीमने मला मेसेज करून कळवलं. वर लिहिलं होतं, की उपकार झाले, आणि खाली, की अब्बा तेव्हापासून शटर उघडायला गेले नाहीत, जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडतात. उपकार हा शब्द मी बाबांना वाचून दाखवला नाही.

काय राहिलं म्हणाल, तर त्या अक्कलकोट रस्त्याच्या मातीत पाठ टेकून शिरलेले माझ्या वडिलांचे पाय मला सारखे दिसतात. ते चुकले असं मला वाटतं आणि त्यांच्याजागी मी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. कडक भाकरीचं पाकीट अजून तसंच आहे. सोलापूरला जाणार असाल तर जा, हिवाळ्यात जा, रेल्वेने जा. पहाटेची गाडी धरली तर दुपारच्या आत पोचता, तळं, चादरी, हुरडा सगळं एका दिवसात होतं.

मीही बाबांना तेच म्हटलं. आपण रेल्वेने जाऊ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, नुसतं भेटून येऊ.

"जाऊ की," बाबा म्हणाले. शुक्रवारची दुपार होती आणि ते पुन्हा नंबर लावत होते. "पण त्यानं फोन तर उचलू दे."